नळवाले भाऊ दिल्लीला निघाले

"टोपणनाव नको," हिमांशु म्हणाला. "फॉर्मवर आधार कार्डावरचं नाव टाका. तेवढंच."

योगराजने उचललेलं पेन परत ठेवलं. गोंदिया नगर परिषदेत तो तीनदा निवडून आला होता तो 'नळवाले भाऊ' म्हणून. कुडव्याच्या बाजूला त्याचा वॉर्ड. टँकर आला नाही की बायका रिकामे गुंड-हंडे घेऊन थेट त्याच्या दारात. चौकातला सार्वजनिक नळ गळत असला तरी पाना घेऊन हाच जायचा. त्याला नावाने हाक मारणारं माणूस वॉर्डात उरलं नव्हतं.

"मले तर सगळे नळवालेच म्हणतात," तो म्हणाला. "त्यानं चार मतं जास्त भेटतील."

"भाऊ, ये लोकसभा है. दिल्लीत असं नाव शोभत नाही."

हिमांशु नागपूरहून आला होता. त्याचा पक्ष लहान, पण पक्षाचं नाव भलं लांबलचक. योगराजने ते दोनदा वाचलं आणि सही केली.

घरी त्याची बायको सुशिलाबाई तांदूळ निवडत बसली होती.

"देल्ला फॉर्म?" तिने मान वर न करता विचारलं.

"देल्ला."

"वकीलसाहेबाच्या समोर."

"हो."

वकीलसाहेब मोठ्या पक्षाचे उमेदवार होते. वॉर्डातल्या चाळीस घरांवर पाडण्याची नोटीस आली, तेव्हा सहा वर्षं केस लढले, तीही फी न घेता. त्या चाळीसात योगराजचंही घर होतं.

"काऊन उभे होऊन राहिले तुमी?"

"बारा वर्षं झाली, पाइपलाइनची फाइल फिरून राहिली. पायऱ्या चढून थकलो मी. हे लोक म्हणतात, निकाल लागला का पाइप येतात."

"आन् तुमी दिल्लीले जाता?"

"पाहू."

ती सूप घेऊन आत गेली. प्रचाराला ती एकही दिवस आली नाही.

प्रचार तसा फारसा झालाच नाही. हिमांशुने भाषण करू दिलं नाही. गाडीवर भोंगा बांधला होता, तो गावोगाव योगराजचं नाव घेत फिरायचा. मागच्या सीटवर योगराज हात जोडून बसलेला असे. पोस्टरवर त्याचा चष्मा लावलेला फोटो होता. एरवी तो चष्मा फक्त टँकरची बिलं वाचायला लावायचा.

"आपल्या वॉर्डात कधी जायचं?" त्याने एकदा विचारलं.

"तिथं कायको? तिथं तर ओळखतातच तुम्हाला."

कामठ्यात एका म्हाताऱ्याने गाडी थांबवली. खिडकीतून आत वाकून त्याने योगराजच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. "तुमालेच देतो मत," तो म्हणाला. "माया घरची सात मतं हायेत. चिंता नोका करू."

गाडी पुढे गेली तसा योगराजने हार काढून बाजूला ठेवला. ऊन लागतंय, असं त्याने ड्रायव्हरला सांगितलं. चोरखमाऱ्याला जायचं होतं, पण तो मध्येच उतरला आणि बसने घरी आला. गाडी त्याच्याशिवाय पुढे गेली. हिमांशुने त्याबद्दल काही विचारलंही नाही.

निकालात योगराजला एकवीस हजार मतं पडली. त्याच्या स्वतःच्या वॉर्डातली त्यात तीनशेसुद्धा नव्हती. वकीलसाहेब आठ हजारांनी पडले.

"कमाल कर दी, भाऊ," फोनवर हिमांशु म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

पाइप मात्र आले. दिलेला शब्द त्या लोकांनी पाळला. दिवाळीच्या आधी वॉर्डातल्या प्रत्येक दारात नळ झाला. बायकांनी पहिल्या नळाला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडायला योगराजला बोलावलं. त्याने नारळ फोडला, घरी आला आणि भरदिवसा भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेब आले. एकटेच, स्कूटरवर. योगराजने अंगणात खुर्ची पुढे केली. सुशिलाबाईने नळाचं पाणी आणून दिलं. ते सगळं पाणी प्यायले.

"भांडायला नाही आलो मी," ते म्हणाले.

"समजते, साहेब."

"पाइपलाइनचं मला सांगितलं असतं, तर मी कोर्टात गेलो असतो."

"आणखी सहा वर्षं गेली असती."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "हो," ते म्हणाले. "गेली असती."

सुशिलाबाई दारातच उभी राहिली. शेजारी कोणीतरी बादली भरत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

तेवढ्यात फाटकाशी सायकल थांबली. पोस्टमन नवीन होता, या भागात कोणाला ओळखत नव्हता. निवडणूक कार्यालयाचं रजिस्टर पत्र त्याने पिशवीतून काढलं आणि त्यावरचं नाव वाचलं.

"योगराज टेंभरे कोण?"

अंगणात बसलेले दोघंही एकदमच म्हणाले, "मी."