पाडणारा हरतो

ठोकळा अर्धा बाहेर आला आणि मनोरा हलला. डॉक्टरीणबाईंनी हात तिथेच थांबवला. शेजारच्या टेबलावर कॉलेजातल्या पोरांनी फासे खुळखुळवून टाकले, कुणीतरी आरोळी ठोकली, पण त्यांची नजर ढळली नाही. अंगठा, तर्जनी आणि मध्ये बोटभर लाकूड. त्यांनी ते हळूहळू ओढून काढलं आणि मनोऱ्याच्या माथ्यावर अलगद ठेवलं. मनोरा उभाच राहिला.

“तुमची पाळी, सिस्टर,” त्या म्हणाल्या.

खेळ पोरासोरांचा. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायचा, खालचा एकेक ठोकळा काढून वर ठेवत जायचं, ज्याच्या हातून पडेल तो हरला. पण या दोघी खेळायला आल्याच नव्हत्या. उद्या सकाळी एका शाळकरी मुलीच्या मणक्यातली गाठ काढायची होती. केसाएवढी चूक झाली तर पोरगी पुन्हा पायावर उभी राहणार नव्हती. आणि गेल्या आठवड्यात कॉफीचा कप उचलताना डॉक्टरीणबाईंचा उजवा हात थरथरला होता. एकदाच. पण थरथरला होता.

दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची त्यांची छाती झाली नाही. एकाला दाखवलं की हॉस्पिटलभर झालंच. म्हणून त्यांनी फक्त सिस्टरना सांगितलं. दोघींची जोडी इतकी जुनी की बाईंनी हात पुढे करायचा अवकाश, हवं ते हत्यार तळव्यात पडायचं.

“जागरणानं होतं हो असं,” सिस्टरनी उडवून लावलं होतं. पण बाई ऐकेनात, तेव्हा त्याच म्हणाल्या, “मग चला, हाताची परीक्षाच घेऊ. भाच्यांना खेळायला नेते ते खेळांचं दुकान आहे. तिथे आपल्याला ओळखणारं कुणी यायचं नाही.”

दुकानात शिरतानाच बाईंनी अट घातली. “माझ्या हातून पडला, तर उद्याची केस मी सोडणार. मग माझी मनधरणी करायची नाही.”

“आणि माझ्या हातून पडला तर?”

“तर मी करणार. बिनघोर.”

आता मनोरा दात पडलेल्या तोंडासारखा दिसत होता. सिस्टरनी कडेचा एक ठोकळा काढून वर ठेवला. बाईंनी मधल्या फटीत बोट घातलं. पहिला ठोकळा घट्ट, दुसरा घट्ट, तिसरा जरासा सरकला. त्यांना एकदम त्या मुलीची आई आठवली. ती नुसती बाईंच्या हातांकडे बघत राहिली होती. ठोकळा सुटला. मनोरा डावीकडे झुकला, डुलला आणि सावरला. बाईंनी घाम पुसला.

सिस्टरनी हात पुढे केला. खालच्याच थरातल्या ठोकळ्याला त्यांचं बोट लागलं आणि सगळा डोलारा धाडकन टेबलावर आला. दुकानातली सगळी डोकी वळली.

“बघा!” सिस्टर हसत म्हणाल्या. “काही झालेलं नाही तुमच्या हाताला. उगाच जिवाला घोर लावून घेतलात.”

बाईंनी खुर्चीला पाठ टेकली. त्याही हसल्या. इतक्यात आवाज ऐकून दुकानदार गल्ल्यामागून उठून आला.

“अरेच्चा! ताई, तुम्ही हरलात?” मग तो बाईंकडे वळला. “कमाल केलीत, मॅडम. अहो, या ताईंना इथे आजवर कुणी हरवलेलं नाही. पोरं यांना बघून ठोकळ्यांचा खोका लपवतात. परवा तर डाव्या हातानं खेळल्या, तरी जिंकल्याच!”

तो कौतुकानं मान हलवत निघून गेला. सिस्टर खाली वाकून ठोकळे गोळा करू लागल्या.

“सिस्टर, वर बघा.”

त्यांनी वर बघितलं नाही. “तुमचे मिस्टर गेल्यापासून या कामाशिवाय तुम्हाला आहे काय दुसरं? घरी बसून करणार काय तुम्ही?”

“मी ते विचारत नाही. तिकडे, ऑपरेशनच्या टेबलाशी, असंच सांभाळून घेताय मला? कधीपासून?”

सिस्टरनी हातातला ठोकळा खोक्यात ठेवला.

“वर्ष होत आलं,” त्या म्हणाल्या. “हात हलायला लागला की तुमच्या लक्षात यायच्या आत मी मध्येच काहीतरी विचारते. तुम्ही थांबता. तेवढ्यात हात ठिकाणावर येतो.”

सिस्टर हल्ली कामात फार बडबड करतात, म्हणून बाईंनी त्यांना कितीदा झापलं होतं. चारचौघांत. सिस्टरनी मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं.

“आत्तापर्यंत कुणाला काही झालेलं नाही, मॅडम.”

“आत्तापर्यंत,” बाई म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून फोन काढला. हाताखाली तयार झालेल्या, ऑपरेशनला रोज समोर उभं राहणाऱ्या तरुण डॉक्टरचा नंबर लावला. का, कशासाठी, अचानक काय झालं, असं सगळं तो विचारणार. बाहेरगावी जावं लागतंय, घरचंच काम आहे, असं सांगायचं त्यांनी मनाशी जुळवून ठेवलं.

“उद्याची मणक्याची केस तू कर,” त्या म्हणाल्या.

त्यानं काहीच विचारलं नाही. पलीकडून एक लांब, सुटकेचा सुस्कारा ऐकू आला आणि मग त्याचा आवाज.

“थँक यू, मॅडम.”