दुसरी आणि चौथी मात्रा

पुंडलिकनगरच्या घरात मृण्मयी पियानोवर बसली, की तबला शिकवणारे तिचे बाबा धाडकन आपल्या खोलीचं दार लावून घेत.

आज तिच्या पहिल्या कार्यक्रमाला ते आले, तेही आईनं ओढून आणलं म्हणून. पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून.

तिनं जुन्या जॅझमध्ये आताचं पॉप गाणं गुंफलं. दुसऱ्या कडव्याला लोक टाळ्या वाजवू लागले, पण भलत्याच मात्रेवर. तिची लय पळाली, बोटं अडखळली. तेवढ्यात एक टाळी, जॅझला हवी तशी, नेमकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडू लागली. ती सावरली. समोर बाबांच्या हाताची घडी सुटली होती.

घरी जाताना तिनं विचारलं, "टाळी कुठं द्यायची, तुम्हाला कसं कळलं?"

"दुसऱ्या कडव्याला लय पळवतेस तू," बाबा गुरकावले. "रोज तिथंच."