अर्धा इंच जास्त

"अगं वहिनी, विमान आहे ते, ब्लाउज नाही!" धाकट्या नणंदेने कपाळावर हात मारला.

वीस वर्षं ब्लाउज बेतणारा माझा हात. आम्ही दोघींनी शाळकरी मुलांनी जोडून उडवायच्या खेळण्यातल्या विमानांची किट करायला घेतली, तर थर्माकोलचे पंख कापतानाही मी सवयीने कडेला शिलाईसाठी अर्धा इंच माया सोडली. कळलं तोवर आमची पहिलीवहिली चाळीस खोकी शाळेत पोचली होती.

"परत आली तर पुन्हा ब्लाउजच शिवायचे," मी म्हणाले.

शनिवारी शाळेतल्या बाईंचा फोन आला. नणंदेने तो माझ्याच हातात कोंबला. मी आधी माफीच मागून टाकली.

"अहो, कसली माफी? विमानं खाली यायलाच तयार नाहीत! एक तर हेडसरांच्या गच्चीवर जाऊन बसलंय. आणखी साठ पाठवा. पंख अस्सेच हवेत हं!"

मी फोन ठेवून नणंदेला सगळं सांगितलं. नणंदेने पुठ्ठ्याचा नवा नमुना कापला, अर्धा इंच वाढवून, आणि माझ्यापुढे धरला.

"आता बरोब्बर याच्या कडेने काप. पुन्हा माया सोडलीस, तर बघ!"