खिडकीची केबिन

भोरचे वसंतराव आणि नलूताई यांचा मुलगा मंदार शिडाच्या एका छोट्या जहाजावर नोकरीला होता. त्याला न कळवता त्याच जहाजावर चार दिवस जायचं दोघांनी ठरवलं, आणि केबिन निवडायला ते बाजारपेठेतल्या टूरवाल्या मुलीकडे गेले. तिनं तिसरा फोटो दाखवला आणि नलूताई हरखल्याच.

"अहो, ही तर मंदारची खोली! तीच गोल खिडकी, तोच निळा पलंगपोस. त्यानं फोटो पाठवला होता ना!"

मुलगी हसली. "नाही हो काकू, ही पाहुण्यांची. काम करणारी पोरं खाली तळाशी झोपतात, एका खोलीत आठ जण. तिथं कुठली आलीये खिडकी?"

"आठ?" वसंतरावांनी विचारलं आणि ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"मग कुठली केबिन देऊ, काका?"

"उद्या सांगतो," म्हणत ते उठले.

 

घरी येताच नलूताईंनी मंदारला फोन लावला. "अरे, तुझ्या बोटीवर आम्हाला कधी बोलावू नकोस हं. ह्यांना बोट लागते."