मिटलेलं तोंड

"दादा, काटे सांभाळा हां! हात फाडतील," हर्षला ओरडली. ओहोटीच्या गुडघाभर पाण्यात उभी राहून ती पर्यटकांना गळ टाकायला शिकवायची. पण पुण्याहून आलेला अभिराम आता कशाचं ऐकतोय! आयुष्यातला पहिलाच मासा, चांगला हातभर लांब शिंगाळा, त्यानं वाळूवर ओढून आणला होता आणि व्हिडिओ कॉलवर त्याची लेक टाळ्या पिटत होती.

शिंगाळ्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. आतला गळ काढायचा म्हणून अभिरामनं पक्कड घालून जबडा फाकवला. बोरांएवढ्या पिवळ्या गोळ्या भराभर वाळूवर सांडल्या.

"बाबा, हे काय?"

"अंडी! दुसऱ्यांची पोरं खातो बघ लबाड," तो हसत म्हणाला.

हर्षला हसली नाही. खाली बसून ती गोळ्या ओंजळीत गोळा करू लागली. एका गोळीच्या आत इवलीशी शेपटी वळवळत होती.

"त्याचीच आसत ती. बाप आसा तो. पोरां भायर येयसर तोंडात धरून फिरता. तवसर कायएक खाणा नाय."

"खात नाही? मग माझा गळ कसा गिळला?"

तिनं मासा अलगद उलटा केला. गळ बाहेरून, कल्ल्यामागच्या मांसात रुतला होता.

"बाबा, सांग ना," फोनमधून लेक विचारत होती, "कुणाची पोरं खाल्ली त्यानं?"

अभिरामचं तोंड उघडेना.