एकोणीस दिवस हजर

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू?" म्हणत सोनूबाईने निवेदिताच्या हातात लग्नाची पत्रिका ठेवली.

निवेदिता आली होती ती दहावीच्या फॉर्मवर सही घ्यायला. तिच्या वर्गातली जागृती, सोनूबाईची धाकटी, एकोणीस दिवस शाळेत आली नव्हती. तळा गावची आत्या आजारी आहे, तिच्याजवळ राहिलीय, असं भाऊ शाळेत सांगून गेला होता. पत्रिकेवर जागृतीचं नाव होतं. तारीख येत्या रविवारची.

"अहो, पंधरा वर्षांची आहे ती."

"हाय ना. पन पोरगा सोताचा डंपर चालवतो. अशी स्थलं परत परत येत न्हाईत." सोनूबाईच्या बोलण्यात लपवाछपवी अशी नव्हतीच. घरच्या माणसाशी बोलावं तशी ती बोलत होती आणि निवेदिताला त्याचीच धास्ती वाटायला लागली.

"माझे कसले उपकार?"

"सोमवारी दोन सायेब आलते. जागृतीनंच आत्याच्या घरून चोरून फोन केलेला, तुमी वर्गात लिवून दिलेल्या त्या पोरांच्या मदतीच्या नंबरवर. मी तर लय भ्याले. पन त्यांनी हितनंच शालेत फोन लावला. शालेतून बोलले, पोरीची रोज हजेरी हाय, एक दिस खाडा न्हाय. मंग कुनीतरी खोडी काढली असल बोलले, चा पिऊन गेले." सोनूबाई समाधानाने हसली. "येवरं केलात आमच्यासाठी, आनि आमाला बोललात पन न्हाय."

निवेदिता खाली बसली. ती हजेरी तिनेच लावली होती, रोज सकाळी, न चुकता. पंच्याहत्तर टक्के भरले नाहीत तर पोरीला परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष गेलं की शाळाही सुटेल, एवढाच हिशोब तिने केला होता. मनातून स्वतःवर थोडी खूशही होती. शाळेपासून हे घर दहा मिनिटांवर, पण एकोणीस दिवसांत एकदा येऊन बघावं असं काही तिला सुचलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"जागृती आहे कुठे?"

"तल्यालाच. शनवारी आनू. हलदीला नक्की या, बाई."

खाडीलगतच्या खारजमिनीच्या बांधावर येऊन तिने मोबाइल काढला. चौदा वर्षांची नोकरी. खोटी हजेरी म्हणजे निलंबन ठरलेलं. घराचा हप्ता, मुलाचं कॉलेज, सगळं डोळ्यांपुढून गेलं. नाव न सांगता फोन करावा, असंही मनात येऊन गेलं. पण मग ती माणसं पुन्हा शाळेतच विचारणार, आणि शाळा पुन्हा तेच सांगणार.

वर्गात लिहून दिलेला तोच नंबर तिने लावला.

"तक्रार कुणाविरुद्ध आहे?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

मागे सोनूबाई दारात उभी राहून तिला हात करत होती.

"पहिलं नाव माझं लिहा," निवेदिता म्हणाली.