मयताचं नाव

जामिनावर सुटलेल्या भाच्याला, लेस्टरला, घेऊन व्हर्ना मावशी पोलीस ठाण्यात आली. आदिवासी वस्तीतली माणसं तुरुंगात जाऊ नयेत म्हणून बायकांनी काढलेल्या मंडळाची ती म्होरकी. उद्या लेस्टरच्या भावाचं दफन, दूर अ‍ॅलिस स्प्रिंग्स शहरापलीकडे; परवानगीशिवाय गेला तर पुन्हा कोठडी. नव्या साहेबाने अर्ज भरायला घेतला. "मयताचं नाव?" "कुमंजायी," मावशी म्हणाली. साहेबाने जुने अर्ज चाळले. "हा तर मागच्या महिन्यातही मेला होता." "मेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही, साहेब. सगळ्यांनाच कुमंजायी म्हणतो. तुमच्याआधी सहा साहेबांना शिकवलं. शिकले की बदली होते." "खरं नाव नसेल तर परवानगी नाही." बाहेर नातेवाइकांचा ट्रक हॉर्न वाजवत होता. लेस्टर भावाचं नाव घेणार, तोच मावशीने पेन हिसकावलं आणि मयताच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. साहेबाने न वाचताच शिक्का मारला.